झूराकानचं किमिझ आणि दिराचं पोट

डोंगरातल्या सुसामिरच्या कुरणावर झूराकानचा किमिझ विकायचा तंबू दोन उन्हाळे गिऱ्हाइकांविना ओस पडला, तो तिचा दीर बेक्तुर याच्यामुळे. नवरा गेल्यावर तिच्या घोड्या आपल्या कळपात याव्यात, असं त्याच्या मनात होतं. ती नाही म्हणाली. मग त्याने खोऱ्यात एकच वाक्य सोडलं : 'वहिनी किमिझमध्ये गाईचं दूध घालते.'

आमच्याकडे लोक पोटासाठी कुरणावर चढतात. हिवाळाभर चरबी आणि तळलेलं खाऊन आतडी जड झालेली असतात. किमिझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, प्यायचं, भरपूर चालायचं आणि हलकं होऊन खाली उतरायचं. त्यात गाईचं दूध मिसळणारी बाई म्हणजे चोर. मी खोऱ्यातल्या दूध संघात हिशेब पाहतो, निवृत्तीला आलो आहे, आणि माझं पोट कधीच धड नव्हतं. मी मात्र तिच्याकडे जात राहिलो. तेव्हा ती एकदा म्हणाली, "त्याच्याच तोंडून वदवून घेईन, दादा. चारचौघांत."

तिसऱ्या वर्षी पहिल्या किमिझचं बोलावणं तिने सगळ्या तंबूंना केलं. हे बोलावणं टाळता येत नाही. बेक्तुर आला तो पिवळा पडलेला, पट्टा सैल केलेला, ढेकर देत. शहरात काढलेला हिवाळा त्याच्या पोटात तसाच बसला होता.

झूराकानने ते पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "भाऊजी, तुम्हाला सामाल देऊ? आत्ताच काढलेलं दूध आहे, न आंबवलेलं. लेकरांनाही सोसतं."

लोक हसले. बिघडलेल्या पोटाने सामालपासूनच सुरुवात करावी, थोडं थोडं घेत आंबटाकडे जावं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वडीलधाऱ्यांसमोर पोरांची वाटी कोण हातात धरेल?

"मला काय बाळ समजलीस? आंबट आण."

"खूप आंबलंय हो. झेपेल?"

"गाईचं दूध घातलेलं न झेपायला काय झालं?"

झूराकान हसली. "खरंच की! मग घाबरता कशाला? घ्या."

धुरी दिलेल्या कातडी बुधल्यातून तिने मोठा वाडगा भरला. त्याने तो रिकामा केला, तिने पुन्हा भरला. घरच्या बाईने दिलेला वाडगा अर्धा ठेवणं म्हणजे तिच्या चुलीचा अपमान. तिसऱ्या वाडग्यानंतर बेक्तुरच्या कपाळावर घाम आला. तो उठला आणि पट्टा धरून पळत सुटला. आमच्या कुरणावर आडोशाला झाडसुद्धा नाही.

म्हातारा तेमिरकुल दारातून ओरडला, "बेक्तुर, गाय एवढ्या जोरात लाथ मारते का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पांढराफटक होऊन तिच्या दारात आला. "वहिनी, काहीतरी दे गं."

"देते की. आधी बाहेर उभं राहून खरं काय ते सांगा."

"तुझ्या किमिझमध्ये गाईचं दूध नाही."

"मला माहीत आहे. त्या पलीकडच्या तंबूला सांगा."

तो ओरडला. 'मी खोटं बोललो' हे तिने त्याच्याकडून वेगळं म्हणवून घेतलं. तेमिरकुलला ऐकू कमी येतं, म्हणून पुन्हा एकदा.

मग तिने त्याला खरोखर बरं केलं. सकाळी लहान वाटीभर सामाल, ओढ्यापर्यंत चालणं, चरबी बंद. बुधल्याभोवती पुन्हा गर्दी जमू लागली. त्या गर्दीसमोर बेक्तुर रोज पोरांमध्ये बसून वाटी तोंडाला लावी. उन्हाळा सरता सरता त्याच्या चेहऱ्यावर रंग आला आणि तो आंबट मागू लागला.

मीच मध्ये पडलो. "कबूल केलं, पोटही सुधारलं. आता दे की त्याला."

झूराकान घुसळत राहिली. "माझा तंबू दोन उन्हाळे रिकामा होता, दादा. त्याचा अजून एकच झालाय."

आणि दाराकडे पाहून तिने हाक मारली, "भाऊजी, बसा पोरांत. दूध निवतंय."