सुईबाई आणि तिची धाकटी

कॅन्सरच्या वॉर्डात तिला सगळे सुईबाई म्हणत. नाव कौतुकानेच पडलं होतं. केमो घेणाऱ्यांच्या शिरा दडी मारून बसतात, भल्याभल्यांच्या हाती लागत नाहीत. सुईबाईने मनगट धरून अंगठ्याने जरा चाचपलं, "टोचेल हं जराशी" म्हटलं, की काम फत्ते.

गोम एकच होती. बरे होऊन घरी गेलेले लोक रस्त्यात तिला टाळत. टाळतील नाहीतर काय करतील? एकदा भाजीच्या दुकानात वॉर्डातली एक जुनी पेशंट समोर आली, तोंडभर हसली, "अगंबाई, तुम्ही!" म्हणाली आणि तिथेच टोमॅटोच्या ढिगाशेजारी भडाभडा ओकली. बिचारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुईबाईने पाठीवर फिरवायला हात पुढे केला, तर तिला दुसरी उबळ आली.

नर्सिंगला असताना सुईबाईने हा धडा घोकला होता. कुत्र्याला रोज खाणं द्यायच्या आधी घंटा वाजवली, की पुढे नुसत्या घंटेनेही त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. परीक्षेत लिहिलं, पास झाली, विसरून गेली. औषध पोटात ढवळतं आणि औषधाच्या आधी दरवेळी आपलं तोंड दिसतं, म्हणजे इथली घंटा आपणच, हे तिला त्या दुकानात उमगलं. तिने फार मनाला लावून घेतलं नाही. भाजी दुसरीकडून आणायला लागली, झालं.

मग धाकटीला तोच आजार निघाला.

धाकटी म्हणजे तिची पाठची बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकटीची वेणीफणी, अभ्यास, रुसवेफुगवे सगळं हिनेच केलेलं. लग्नानंतरही दोघींची घरं एकाच गल्लीत. रोज एकदा कडाकडा भांडल्याशिवाय दोघींना चैन पडत नसे. धाकटीच्या नवऱ्याला तिने बजावून सांगितलं, "दुसऱ्या कुणाला मी तिच्या हाताला हात लावू देणार नाही." मोठे डॉक्टर म्हणाले, घरच्या माणसाचं आपण करू नये. ऐकेल ती सुईबाई कसली!

भाजीचं दुकान तिला आठवलं नाही, असं नाही. आठवलं. पण ती परकी माणसं, ही माझी धाकटी. हिच्या बाबतीत असलं काही होतंय होय! इथेच माशी शिंकली. दरवेळी सुई तिनेच लावली, उशाशी तीच बसली, भांडं तिनेच धरलं, तोंड तिनेच पुसलं. जितकी माया केली तितका धडा पक्का होत गेला.

धाकटी बरी झाली. केस उगवले, जेवण जायला लागलं. सुईबाई मोठ्या हौसेने तिच्याकडे गेली. दार उघडून धाकटीने मिठी मारायला हात पसरले आणि तशीच तोंडावर हात दाबून मोरीकडे धावली.

"काहीतरी बाधलं असेल गं," सुईबाई दारातूनच म्हणाली.

"हो, सकाळचं दूध," आतून धाकटी म्हणाली. दोघींनाही ठाऊक होतं की दुधाचा काही दोष नाही.

सुईबाईने साबण बदलला, तेल बदललं, केस कापले. डोळे मिटून बसून बघ, म्हणाली. आवाजाने पोट ढवळलं. फोनवर तेच. शेवटी हॉस्पिटलातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ही आपली ताई आहे, हे तिच्या डोक्याला माहीत आहे, पोटाला कोण समजावणार? हळूहळू विसरवावं लागेल. लांबून सुरुवात करा."

मग बागेत जायचं ठरलं. एका टोकाच्या बाकावर धाकटी विणत बसायची, दुसऱ्या टोकाला सुईबाई. भांडण झालेल्या जोडप्यासारख्या! लोक बघायचे. आठवड्यागणिक सुईबाई एकेक बाक पुढे सरकली. कधी साधलं, कधी दोन बाक मागे जावं लागलं. शेवटी एका संध्याकाळी दोघी एकाच बाकावर बसल्या. धाकटी कसल्याशा गमतीवर खदाखदा हसली आणि सुईबाईला राहवलं नाही. तिने तिचं मनगट धरलं. सवयीने अंगठा शिरेवर गेला.

सगळं मुसळ केरात. धाकटी वाकून ओकत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "तुझ्यामुळे नाही गं ताई, खरंच नाही." सुईबाई चार पावलं लांब उभी. जवळ जावं तर त्रास, न जावं तर जीव तुटतोय.

त्यानंतर ती धाकटीच्या दारावरून जाईनाशी झाली. ते दार दिसलं की तिच्याच पोटात गोळा यायचा, पाय मागे वळायचे. बहीण दिसली की तिचे हाल होतात, हे आता हिचं अंगही शिकलं होतं. हिला कोण आणि कसं समजावणार? एका गल्लीत राहून दोघी नवऱ्यांमार्फत खुशाली विचारू लागल्या.

पुढे आजार उलटला. धाकटीने स्वतः फोन केला. मधे थांबून, उबळ दाबून बोलत होती.

"ताई, या खेपेला तूच ये."

"अगं, वेड लागलं का? मला बघूनच सुरू होईल तुला."

"होऊ दे ना. तिथे तसंही होणारच आहे. मग तू तरी जवळ असशील."

सुईबाई गेली. सुई लावली, बाटली टांगली, उशाशी बसली. व्हायचं ते झालं. धाकटीने तोंड पुसून घेतलं आणि कितीतरी महिन्यांनी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. हे आधीच्यापेक्षा जड औषध होतं, फारशी आशा उरली नाही की ते देतात, हे सुईबाईइतकं वॉर्डात कुणाला कळणार? तरी तिला आतून आनंद झाला. त्याची तिला लाज वाटली, पण आनंद काही हटेना. ती धाकटीच्या केसांतून हात फिरवत राहिली. वर बाटली थेंबाथेंबाने रिकामी होत होती आणि ती लवकर संपू नये, असं तिच्या मनात येत होतं.