ऋतूचा दात आणि साहूबाईंच्या गोवऱ्या

माझ्या भाचीचा समोरचा पक्का दात मी शेणाच्या गोळ्यात घालून शेजाऱ्यांच्या छपरावर फेकला.

हे मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने मला एकच प्रश्न विचारला, "कावून?" (म्हणजे का?) आता याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं, तर मी ही सगळी कहाणी लिहायला कशाला बसले असते!

मी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या हजेरी विभागातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, तिथल्याच कोहका वस्तीत एकटी राहणारी बाई. धाकटा भाऊ दिलीप रायपूरला असतो. रायपूर म्हणजे इथून तासाभराचा रस्ता. पण त्याची ड्युटी, पोरीची शाळा, ट्यूशन आणि वहिनीची कंबर यांच्यामुळे तो तास एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत लांबतो. घरात माझं सगळ्यांत जास्त बोलणं कुकरशी होतं. ("हो रे बाबा, आले! एवढा कशाला ओरडतोस?") तो निदान उत्तर तरी देतो. टीव्ही लावला तर ती माणसं आपापसातच बोलत बसतात.

म्हणून होळीपासून मी वहिनीच्या मागे लागले होते, की मे महिन्यात ऋतूला माझ्याकडे पाठव. ऋतू नऊ वर्षांची. वहिनी शेवटी तयार झाली, पण फोनवर तिने सरळ सांगून टाकलं, "ताई, पाठवतो मी. पण पोरीले काही झालं न, तर मंग पुढच्या वेळी नाव काढू नका." मी म्हटलं, "काय होणार हाय? मी काय लहान हाओ?"

ऋतू आली आणि घराला घरपण आलं. ती भिंतीवर बॉल आपटायची, दाराआड लपून मला घाबरवायची, आणि अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायची. मला सगळं आवडत होतं. दोन ताटं मांडताना मी एखादं भांडं मुद्दाम जास्तच वाजवत असे!

तिसऱ्या का चौथ्या दिवशी गल्लीत गुपचुपवाला आला. (पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात, खाताना मात्र कोणी गुपचूप राहत नाही.) ऋतू धावत सुटली. आता माझं फाटक चांगलं जाड लोखंडी, जवळच्या हथखोजच्या एका कारखान्यातून बनवून आणलेलं. माझ्याकडे कोणी येत नाही, म्हणून त्याची कडी कायम लावलेली. पोरीच्या मनात फाटक उघडंच होतं. तिने वेग काही कमी केला नाही, आणि फाटकाने तर जागा सोडलीच नाही.

धाड!

मी पोहोचले तेव्हा तोंडातून रक्त, डोळ्यांतून पाणी आणि फरशीवर एक दात. मी बर्फ आणला, स्वच्छ फडकं दाबून धरलं. रक्त थांबलं तशी मला जरा हुशारी आली.

"कावून रडून राहिली? दुधाचा दात हाय. पडणारच होता."

"नाही न आत्या," ऋतू फडक्यातून बोलली, "ये पक्कावाला है!"

"तुझ्या एवढ्याश्या पोरीले पक्का दात कुठून येईल? गप राय."

दात उचलून पाहिला तर चांगला बोटाच्या पेराएवढा लांब. दुधाचा दात इतका लांब? पण मला वाटलं, आमच्या घराण्याचे दात मजबूतच! (वडील म्हातारपणी ऊस सोलून खायचे.) मी मोठ्या अभिमानाने तो दात भांडी घासायच्या घासणीने लख्ख घासला आणि पदराने पुसून खिडकीत वाळत ठेवला.

आता आमच्या मूळ गावाकडे, म्हणजे वर्धेकडे, दुधाचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर फेकतात. मग नवा दात सरळ आणि लवकर येतो. आई आमचे सगळ्यांचे दात असेच फेकत असे. तेव्हा मलाही वाटलं, पोरीला मोबाइलशिवाय दुसरंही काही माहीत असावं. कोहक्यात गाय शोधावी लागत नाही, ती रस्त्याच्या मधोमधच बसलेली असते. मी पॉलिथिनमध्ये हात घालून ताजा माल आणला, दात आत कोंबला, छान लिंबाएवढा गोळा वळला. पण फेकायचा कुठे? माझ्या घराला स्लॅब. शेजारच्या साहूंचं घर मात्र अजून कौलारू. मी नेम धरला, डोळे मिटले आणि भिरकावला. ऋतूने टाळ्या वाजवल्या. एकटीने टाळ्या वाजवल्या तरी घर भरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच आनंदात मी रायपूरला वहिनीला फोन लावला.

"सुषमा, ऋतूचा दात पडला बरं का! सगळे सोपस्कार करून टाकले मी."

"कोणता दात?"

"समोरचा."

मग वहिनीचा आवाज चढला. "ताई! तो पक्का दात होता! सातव्या वर्षीच आला होता! अर्ध्या-एक तासात डॉक्टरकडे नेला तर बसवता येते तो. दुधात ठेवा अन् निघा! आम्ही बी निघून राहिलो. दात कुठी आहे?"

"आहे न," मी म्हटलं, "सांभाळून ठेवला."

(खोटं काय त्यात? गायीने दिलेल्या वेष्टनात, साहूंच्या घरी, सांभाळूनच होता.)

मी फाटक उघडून साहूंकडे धावले. मागून तोंडात फडकं धरलेली ऋतू. छपराकडे पाहिलं, काही दिसेना. शिडी लावून वर चढले. या वयात कौलांवर चढलेली बाई पाहून गल्लीतले लोक जमा झाले. वरही काही नाही. गोळा घरंगळून मागच्या अंगणात पडला असणार. मी वरून तिकडे वाकून पाहिलं.

अंगणात साहूबाई पावसाळ्याच्या बेगमीला गोवऱ्या थापत बसल्या होत्या. ओळीने, एकसारख्या, ओल्या, एवढ्या गोवऱ्या!

"बाई," मी वरूनच ओरडले, "इहां एक गोबर का गोला गिरा था क्या?"

"हव दीदी," त्या समाधानाने म्हणाल्या, "ओला तो मैं थाप डारेंव!"

म्हणजे माझा गोळा त्यांनी थापून टाकला होता. कोणत्या गोवरीत? ते त्यांनाही सांगता येईना. शेणावर कोणी नाव लिहितं का! मी पदर खोचला आणि पहिल्या गोवरीत दोन्ही हात घातले.

"दीदी, छेना ला काबर बिगाड़त हव?" साहूबाई कळवळल्या. (म्हणजे गोवऱ्या का बिघडवता? गोवरीला त्या छेना म्हणतात.)

"दात है उसमें! बच्ची का दात!"

हे ऐकल्यावर त्या माऊलीने दुसरा प्रश्न विचारला नाही. आपल्याच गोवऱ्या त्या आपल्या हाताने मोडायला लागल्या. मग गुपचुपवाला आला, मग गल्लीतल्या दोन बाया आल्या. सकाळपासूनच्या सगळ्या मेहनतीचा आम्ही चिखल करून टाकला. शेवटी "मिल गे!" अशी साहूबाईंची आरोळी आली. मी दात स्टीलच्या डब्यात टाकला, वर दूध ओतलं. दूध लगेच हिरवं झालं. पण वहिनीने दुधात सांगितलं होतं, आणि मी हुकुमाची ताबेदार बाई!

दातांचा दवाखाना चौकातच होता. डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी आधी ऋतूचं तोंड तपासलं, एक्स-रे काढला, मग डबा उघडला आणि खुर्ची जराशी मागे सरकवली.

"आंटीजी, दांत उठाया तो कहाँ से पकड़ा था?"

"वो नीचे का लंबा हिस्सा रहता है न, वहाँ से."

"जड़ से. जहाँ से बिल्कुल नहीं पकड़ना था. फिर?"

"फिर घासनी से घासा."

"वो भी नहीं करना था. फिर?"

"सुखाया."

"दांत को सूखने ही नहीं देना था! फिर?"

मी छताकडे पाहायला लागले. ऋतूने फडकं बाजूला केलं आणि मोठ्या आनंदाने सांगितलं, "फिर आत्या ने गोबर में डाला और साहू आंटी ने छेना बना दिया!"

डॉक्टर मॅडम इतक्या हसल्या, की त्यांना मास्क काढावा लागला. त्या हसल्या म्हणून ऋतू हसली. मला मात्र हसू येईना. त्यांनी मग नीट समजावून सांगितलं. हा दात आता बसणार नाही. पण जागा रिकामी सोडली तर शेजारचे दात तिकडे कलतात, म्हणून खोटा दात लावलेली प्लेट घालायची. ती दर महिन्याला दाखवायची. पुढे तारा लावाव्या लागतील. आणि अठरा वर्षांची झाली, की कायमचा दात.

अठरा! माझ्या एका नेमाने पोरीच्या तोंडाला नऊ वर्षांचं काम लावून दिलं होतं.

संध्याकाळी दिलीप आणि वहिनी आले. वहिनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त पोरीचे कपडे बॅगेत भरत गेली. दिलीप फाटकाकडे बघत म्हणाला, "ताई, निघतो आम्ही." गाडी वळली आणि मी तशीच उभी राहिले. हाताला शेणाचा वास येत होता. मला खूप रडू आलं, आणि ते पाहायला कोणी नव्हतं.

नंतर पाहते तर ऋतूची एक चप्पल पलंगाखाली राहिलेली. मी मुद्दाम फोन केला नाही. म्हटलं, चप्पल घ्यायला तरी कोणी येईल! आठवड्याने कळलं, वहिनीने नवी जोडी घेतली.

आणि एक दिवस वहिनीचाच फोन आला. आवाज थकलेला.

"ताई, इथल्या मोठ्या क्लिनिकमध्ये नेलं तिले. तोंडच उघडून नाही राहिली! म्हणते, भिलाईवाली हसनेवाली मॅडमच पाहिजे. आता दर महिन्याले तिकडंच आणा लागते."

मी तोंडावर हात दाबून धरला. नाहीतर माझी आनंदाची आरोळी फोनशिवायच रायपूरला ऐकू गेली असती.

"हाव न," मी जमेल तेवढ्या दुःखी आवाजात म्हटलं, "काय करणार. पोरीच्या दाताचा प्रश्न हाय."

तेव्हापासून महिन्यातला एक शनिवार माझा. सकाळी दवाखाना, मग माझ्याकडे जेवण, संध्याकाळी परत. ऋतू जेवायच्या आधी ती गुलाबी प्लेट काढून माझ्या हातावर ठेवते, आणि वहिनीची नजर तिचं जेवण होईपर्यंत माझ्या हातावरून हलत नाही. जेवताना वहिनी माझ्याशी बोलतेसुद्धा. बहुतेक शेणाविषयीच, पण बोलते.

परवाच्या शनिवारी मॅडमनी ऋतूचं तोंड पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "बहुत बढ़िया! सब दांत अपनी जगह पर हैं. अब तीन-चार महीने में एक बार आएँगे तो भी चलेगा."

वहिनीने सुटकेचा श्वास सोडला. माझा तिथेच अडकला.

"मॅडम," मी पुढे झाले, "एक बार और देखो न. वो बाजूवाला थोडा टेढा नहीं लगता?"

मॅडमनी आरसा पुन्हा ऋतूच्या तोंडात घातला. मग बराच वेळ त्या तोंडाकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिल्या.

"ठीक है आंटीजी," त्या हळूच म्हणाल्या, "हर महीने ही लाइए."

बाहेर आल्यावर वहिनी काळजीने म्हणाली, "ताई, खरंच वाकडा आहे काहो? मले तर काहीच नाही दिसलं."

"लय वाकडा हाय," मी म्हटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पोटच्या पोरीसारख्या पोरीला नावं ठेवून मला इतकं बरं वाटलं!