काळी एकमध्ये मरणारे साहेब

“हा गांधार? याला गांधार म्हणतात तुमच्याकडे? अहो, हा गांधार नाही, ही तक्रार आहे.”

पेटीवाले ओरडत होते. बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या दुकानांवरच्या माळ्यावर त्यांचं हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचा आवाज असा, की खालच्या दुकानात टांगलेल्या दिव्यांच्या माळा आपोआप लागल्या आणि दगडूशेठसमोरची रांग दोन पावलं मागं सरली. मी होतो म्हणून सांगतोय.

ज्यांच्यावर हे ओरडणं चाललं होतं, ते साहेब स्टुलावर गुडघे जुळवून बसले होते. अस्सल इंग्रज, उंची इतकी की माळ्यावर शिरताना ते दोनदा वाकतात, एकदा दारासाठी आणि एकदा पंख्यासाठी. मांडीवर त्यांचा कॉन्सर्टिना. म्हणजे मधे भाता, दोन्ही बाजूंना आठकोनी लाकडी तोंडं आणि त्यांवर बटणं. दोन मुठींत धरून वाजवायची ही वस्तू आपल्या पेटीची विलायतेतली चुलत बहीण समजा. आतल्या पातळ धातूच्या पट्ट्यांना पेटीवाले सूरच म्हणतात. त्यातला एक सूर तुटला होता.

“एकच तुटला आहे,” साहेब नम्रपणे म्हणाले. “आपण तेवढाच बसवावा.”

“तुटलाय तो एकच बरा आहे,” पेटीवाले म्हणाले. “निदान गप्प बसलाय.”

साहेबांना पुण्यात सगळे ओळखतात, पण नावानं कुणीच नाही. ‘ते मरणारे साहेब’ म्हटलं की रिक्षावालाही घरापर्यंत सोडतो. मी आमच्या नाटक कंपनीत विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवतो. म्हणजे साहेबांच्या मरणांचा सगळ्यात जवळचा साक्षीदार मीच.

मायदेशी त्यांनी नटाचं रीतसर शिक्षण घेतलं होतं. तिथल्या टीव्हीवर ते एकदा पोस्टमन झाले आणि एकदा प्रेत. प्रेत बघून लोकांचे फोन आले, पोस्टमन बघून नाही. उरलेल्या वेळात हा कॉन्सर्टिनाचा डबा घेऊन पबमध्ये जायचं आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची जुनी गाणी म्हणायची. ती त्यांना त्यांच्या आजोबांनी शिकवली होती. मग एका सिनेमात घोड्यावरून पडायला ते भारतात आले. पडले. पाय मोडला. तो पुण्यात जुळवला आणि जुळेपर्यंत साहेब मराठी शिकले, तेही हॉस्पिटलातल्या शेजारच्या कॉटवरच्या निवृत्त हेडमास्तरांकडून. त्यामुळे ते आजही वडापाव मागताना ‘कृपया’ म्हणतात.

आमच्या कंपनीला गोरा हवाच होता. तोवर आमचा गोरा म्हणजे बँकेतला एक कारकून. त्याला दर प्रयोगाला इतकी पावडर लागायची की पहिल्या रांगेतले लोक शिंकायचे. साहेब आले आणि शिंका थांबल्या. मग ते कलेक्टर झाले, कॅप्टन झाले, रेल्वेचे इंजिनियर झाले आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या अंकात मेले. तलवारीनं मेले, विषानं मेले, एकदा नेपथ्यातला बुरूज खरोखरच अंगावर आला तेव्हा वेळेआधी मेले. माझ्या मते चार हजार वेळा. साहेब सहाशे म्हणतात, पण त्यांना सगळंच कमी करून सांगायची सवय आहे.

दिग्दर्शकाची त्यांच्याबद्दल एकच तक्रार. “साहेब, इतकं शुद्ध बोलू नका हो. लोकांना वाटतं, आमचा माणूस रंगवून उभा केलाय.” म्हणून साहेब घरी बसून वाईट मराठीचा रियाज करतात.

नाटक नसलं की ते हिंजवडीला जातात. तिथल्या एका कंपनीच्या प्रशिक्षणाच्या व्हिडिओंत ते ‘परदेशी क्लायंट’ असतात. टेबलाशी बसायचं आणि गंभीरपणे मान हलवायची. “तिथे मरावं लागत नाही,” ते म्हणतात. “ते येतानाच्या ट्रॅफिकमध्ये उरकून घेतो.”

पण त्यांचं गाणं पुण्यात कुणी ऐकलं नव्हतं. अनेक वर्षांपूर्वी सोसायटीच्या गणपतीत ते एकदा डबा घेऊन उभे राहिले होते. दुसरं कडवं चालू असताना मागून एक आवाज आला, “आता मारा की कुणीतरी यांना.” सगळे हसले. साहेबही हसले, मान झुकवून खाली उतरले आणि डबा पलंगाखाली गेला तो गेलाच.

आणि आता एका वाचनालयानं त्यांना शनिवारची संध्याकाळ दिली होती. सहा वाजता, वरच्या मजल्यावरचा हॉल, साठ खुर्च्या. डबा बाहेर काढला तर एक सूर तुटलेला. बुधवारी त्या माळ्याचा जिना चढण्याआधी आम्ही खाली चहा घेतला, तेव्हा ते म्हणाले, “ही एक संध्याकाळ. कुणी ऐकलं तर उत्तम. नाहीतर हा विकून टाकतो आणि जे जमतं तेच करतो. नीट मरतो.”

म्हणताना हसत होते, पण डबा त्यांनी टेबलावर ठेवला नव्हता, कुशीत धरला होता.

तर माळ्यावर ती तक्रार चालू असताना साहेबांचा फोन वाजला आणि ते जिन्यात गेले. पेटीवाल्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“पट्टी कुठली यांची?”

प्रश्न आपल्या बाजूनं बरोबरच होता. आपल्याकडे गाणाऱ्याचा सा एकदा ठरला की ठरला. ती त्याची पट्टी, पेटीवरचं त्याचं घर, जन्मभर गाणं तिथूनच. त्यांच्याकडे प्रत्येक गाण्याला सा बदलतो हे पेटीवाल्यांना ठाऊक असेल-नसेल, मला नव्हतं. आणि पुण्यात भर दुपारी कुणी काही विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणण्याची पद्धत नाही.

“काळी एक,” मी म्हणालो. पेटीवरची पहिली काळी.

“नक्की?”

“अहो, मरताना रोज तिथंच ओरडतात. आमच्या कंपनीत पेटी वाजवणाऱ्यानं विंगेतून लावून बघितलंय. काळी एकचा सा. एक केस इकडेतिकडे नाही.”

यातलं अक्षर अन् अक्षर खरं आहे. माझ्या बोलण्यात असं क्वचित घडतं, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

पेटीवाल्यांनी मान हलवली. “मरताना माणूस उगाच दुसऱ्याच्या पट्टीत कशाला ओरडेल,” ते म्हणाले आणि कानस शोधायला लागले.

शनिवारी सकाळी अकराला आम्ही डबा आणायला गेलो.

“सगळे लावलेत,” पेटीवाले म्हणाले. “एकच बसवून देताना लाज वाटली असती.”

साहेबांनी आपलं नेहमीचं एक गाणं सुरू केलं. मी त्या डब्याची निंदा करणार नाही, पण खिडकीतली तीन कबुतरं जी उडाली ती थेट कात्रजच्या तलावावर जाऊन उतरली. साहेबांनी दुसरं गाणं धरलं. ते पहिल्याहून वाईट. साहेब अंगरख्यात खुपसलेली नकली तलवार बघून जसे पांढरे पडतात, त्याहून पांढरे पडले. आणि हे अभिनयात नव्हतं.

“आपण काय केलंत?”

“दुरुस्त केलं. काळी एक धरून बाराच्या बारा स्वर जिथं असायला हवेत तिथं नेऊन बसवले. पूर्वी सगळेच थोडे थोडे खोटे होते.”

“ते थोडे खोटे असतात म्हणूनच कुठूनही गाता येतं. माझ्या प्रत्येक गाण्याचा सा वेगळा आहे.”

“कशाला?” पेटीवाल्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. “घर असताना माणूस रोज वेगळ्या लॉजवर कशाला झोपेल?”

“काळी एक कुणी सांगितली आपल्याला?”

पेटीवाल्यांनी हनुवटीनं मला दाखवलं. मी कबूल केलं. मरणाचं, विंगेतल्या पेटीचं, सगळं. साहेब माझ्याकडे वळले. मला वाटलं, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मरण्याऐवजी मारणार.

“पहिल्यासारखं करायला किती वेळ लागेल?” त्यांनी विचारलं.

“तीन दिवस. आणि मी करणार नाही.”

कार्यक्रमाला सात तास होते. साहेबांनी डबा पेटाऱ्यात ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाले, “मग आज नको. वाचनालयाला कळवून टाका, मी आजारी आहे.” हे ते मला म्हणाले. मी आयुष्यात हजार थापा आनंदानं मारल्या असतील, पण ही एक मला मारवेना. मी फोन परत खिशात टाकला.

पेटीवाल्यांनी पेटारा स्वतःकडे ओढला, डबा काढला आणि साहेबांची दोन बोटं धरून दोन बटणांवर ठेवली. शिक्षक लहान मुलांचं बोट धरून गिरवायला लावतात, तशी.

“हा सा. हा पंचम. भाता हलवत राहा. बाकीची बटणं आहेत हे विसरा आणि वरून गा.”

“पण हे वाजवणं नाही.”

“नाहीच. तुम्हाला कुणी वाजवायला बोलावलंय? गायला बोलावलंय ना?”

साहेबांनी भाता ओढला. दोन स्वर एकमेकांत असे मिसळले की खालच्या दुकानातला रेडिओ कुणीतरी बंद केला. साहेब हळूच एक ओळ गायले, मग आणखी एक.

“आणि हा गांधार,” पेटीवाले तिसरं बटण दाखवत म्हणाले. “शेवटच्या गाण्याला. आधी वापरलात तर वाया जाईल.”

संध्याकाळी साठपैकी एकेचाळीस खुर्च्या भरल्या. पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी बायकोला सांगितलं, “मरतात ते हे.” बाईंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. कधी मरतील ते सांगता येत नाही, म्हणून असेल. शेवटच्या रांगेत, दाराशी, पेटीवाले बसले होते. मी बाजूला उभा होतो, हातात कागद नाही, पुरवायला वाक्य नाही. इतका घाबरलेलो मी स्वतःच्या लग्नातही नव्हतो.

साहेब उभे राहिले आणि आपल्या स्वच्छ, हेडमास्तरी मराठीत म्हणाले, “आमच्या गावची एक बाई किनाऱ्यावर उभी राहून होड्या मोजते. सकाळी अकरा गेल्या होत्या. दहा आल्या.”

पुढच्या रांगेतल्या बाई म्हणाल्या, “मग?”

“मग गाणं,” साहेब म्हणाले आणि सा-पंचम धरले.

पहिली दोन गाणी लोक वाट बघत होते. कशाची ते साहेबांनाही कळत होतं, मलाही. तिसऱ्या गाण्याला मागं कुणीतरी नकळत त्यांच्या सा-मध्ये गुणगुणायला लागलं आणि शेजाऱ्यानं त्याला गप्प केलं नाही. पुण्यात हे घडलं, याची दखल कुणीतरी घ्यायला हवी. चौथ्याला मोबाईल वाजला, तर ज्याचा होता तो उठून बाहेर गेला तो शरमेनं परत आलाच नाही.

शेवटच्या गाण्यात आजोबांचं नाव आलं की काय कोण जाणे, साहेबांचा आवाज जरा हलला. तेव्हाच त्यांनी तिसरं बटण दाबलं. तो गांधार आला आणि हॉलमधले पंखे थांबले. वाचनालयवाले म्हणतात, वीज गेली होती. म्हणोत. त्या अर्ध्या उजेडात साहेब भाता ओढत होते, आणि ज्या सुरात ते आमच्याकडे चार हजार वेळा मेले त्याच सुरात, सावकाश, न मरता, गाणं संपवून उभे होते. टाळ्या लगेच झाल्या नाहीत. बाईंनी आधी पिशवीतून रुमाल काढला.

लोक जिन्यानं उतरायला लागले तसे साहेब गर्दीतून वाट काढत थेट दाराशी गेले. पेटीवाले चपला शोधत होते. साहेब समोर उभे राहिले, डबा दोन्ही हातांत.

“कसं झालं?”

पेटीवाल्यांनी दुसरी चप्पल पायात सरकवली.

“पुढच्या वेळी आठ दिवस आधी आणा.”