पाटीची जागा

कळंबहून आमच्या सोसायटीत मासे घेऊन येणाऱ्या मावशीला 'अंदाजे' हा शब्द चालत नाही. "दाराशी ठेव" म्हटलं तर विचारते, "उजवीकडं का डावीकडं?" नोव्हेंबरातल्या एका सकाळी ती बादलीतून बोंबील घेऊन आली. डोक्यावर पाटी नव्हती.

"पाटी कुठाय, मावशी?"

"जागेवर पालथी घातलीय, मास्तर. पहाटे बोंबील वाळत टाकताना आगीचे दोन गोळे गेले आकाशातनं. लोक बोलतात, विमान व्हतं. मी उभी व्हती ती जागा हरवाया नको."

दुसऱ्या पहाटे त्याच वेळी मी ताऱ्यांचा नकाशा घेऊन कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. पाटी उचलून तिनं मला तिथंच उभं केलं. मी उंच, म्हणून गुडघे वाकवायला लावले. "पयला या काठीवरनं त्या काठीवर. दुसरा या दोरीवरनं पान्याकडं." बोंबील वाळवायच्या काठ्या-दोऱ्यांच्या मांडवावरच्या त्या दोन वाटा मी नकाशावर आखल्या आणि मागे वाढवल्या. दोन्ही रेघा सिंह राशीच्या मानेशी एकमेकींना मिळाल्या.

मी ओरडलोच, "मावशी, विमान नव्हे, उल्का! धूमकेतूनं मागं टाकलेली धूळ जळाली ती. दर नोव्हेंबरात तिथूनच येते!"

तिला नवल वाटलं नाही. तिनं 'विमान' म्हणणाऱ्यांना हाका मारल्या आणि वाळूतल्या पाटीच्या गोल खुणेत एकेकाला उभं करून त्याच काठ्या, तीच दोरी दाखवली.

"पाय आत घे," शेवटच्यावर ती खेकसली, आणि पाटी डोक्यावर ठेवून मासे विकायला निघाली.