कोपरा फाटलेलं कार्ड

रंगूनहून निघालो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक ब्रह्मी कागदी छत्री आणि एक प्रश्न होता. पेटी आणि छत्री बोटीवरच्या कारकुनानं नोंदून घेतली. प्रश्न असा होता, की अकरा वर्षांनी घरी गेल्यावर बायको मला घरात घेईल का. तो मी तसाच बरोबर आणला.

गेलो होतो दोन वर्षांसाठी. धानाच्या गावात वाढलेल्या आणि चार इयत्ता शिकलेल्या माणसाला तिथल्या भाताच्या गिरणीत कारकुनी मिळाली, आणि दोनाची अकरा कशी झाली ते मला आजही नीट सांगता येत नाही. दर वर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी जाऊ. मध्यंतरी सरकारनं ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा काढला, त्यामुळे खुर्चीवरून न उठता मी एका सकाळी परदेशात राहायला गेलो. त्या दिवशीही गिरणी नेहमीच्या वेळेलाच सुरू झाली.

घरी पत्रं पाठवायचो ती थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. दादाला वाचता येत नाही. तो पत्र मास्तरकडून वाचून घेतो, ओसरीवर, चार माणसांसमोर. अशा पत्रात स्वतःच्या बायकोचं नाव लिहायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. अकरा वर्षांत मी बैलांची चौकशी केली, बांधाची केली, शेजाऱ्याच्या खोकल्याची केली. तुळसाची केली नाही. दिवाळी झाल्यावर शेवटचं कार्ड टाकलं : ‘माघात येतो. गोठ्याचं छप्पर शाकारून घ्यावं.’

बोटीचा प्रवास डेकवर झाला. समुद्र शांत होता, माणसं शांत नव्हती. शेजारी एक तेलुगू कुटुंब होतं. त्यांचं बाळ माझ्या पेटीवर तीन वेळा ओकलं आणि तिन्ही वेळा त्याच्या आईनं माझ्याकडे रागानं पाहिलं. कलकत्त्याला उतरून मी त्याच दिवशी गाडी पकडू शकलो असतो. चार दिवस राहिलो. तुळसासाठी हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या, त्याला एक तास लागला. उरलेला वेळ मी घाबरण्यात घालवला. खरं आहे ते लिहितो.

गोंदियाला पहाटे उतरलो. महिना माघाचा, थंडी बोचरी, आणि स्टेशनवर चहूकडे हिंदी. सौंदडकडे जाणारी छोटी गाडी सुटायला दोन तास होते, म्हणून बाहेर जिलबीवाल्याकडे गेलो.

“कहाँ से आना हुआ, बाबूजी?”

“रंगून से.”

“वहाँ जलेबी मिलती है?”

“मिलती है.”

“ऐसी नहीं मिलती होगी,” असं म्हणून त्यानं पानावर आणखी दोन टाकल्या. खरंच तशी मिळत नव्हती.

जिलबी खात असताना बिडीपत्त्याचं पोतं पाठीवर घेतलेला एक हमाल माझ्यासमोर थांबला. आमच्या गावचा दसरू. लहानपणी आम्ही दोघं एकाच म्हशीवर बसायचो. त्यानं पोतं खाली टाकलं आणि माझ्या पायांकडे पाहू लागला. डावा पाहिला, उजवा पाहिला. भुताचे पाय उलटे असतात.

“सरळ हायेत,” तो म्हणाला. “तू तं मेला ना गा?”

“नाही.”

“पन आमी तुही बाराव्याची पंगत जेवलो ना! वडे होते.”

“कोणी सांगितलं मी मेलो म्हणून?”

“कोन कायले सांगन? कार्ड आलं ना. कोपरा फाटलेलं.”

माझ्या हातातली जिलबी हातातच राहिली. वाचकांपैकी कोणी माझ्यासारखे फार दिवस बाहेर असतील तर सांगतो : आपल्याकडे मरणाची बातमी असलेल्या कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. असं कार्ड घरात घेत नाहीत. ज्याला वाचता येतं तो बाहेरच वाचतो, ज्याला येत नाही तो नुसता कोपरा पाहतो, आणि दोघंही आंघोळ करतात. हे मला दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं. आणि रंगूनला, खाटेवर बसून, दिवाळीच्या कार्डाचा कोपरा मी माझ्या हातानं फाडला होता.

“शाई सांडली होती त्याच्यावर,” मी म्हणालो.

“बाप्पा!” दसरू म्हणाला. “शाईपायी मेला तू.”

मग त्यानं बाकीचं सांगितलं. दादानं आंघोळ केली, डोकं केलं, मिशी काढली, कार्ड कुंपणात फेकून दिलं. तुळसानं ते उचललं. बाराव्या दिवशी बायका तिला बोडीवर (आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात) बांगड्या फोडायला न्यायला आल्या तेव्हा ती हललीच नाही. आधीच मास्तरकडे जाऊन तिनं कार्ड वाचून घेतलं होतं. मेलेला मानूस छप्पर शाकारा म्हनून सांगते का, असं तिनं सगळ्यांना विचारलं. दादा म्हणाला, लिहिलं तेव्हा जिवंत असन, टाकाच्या आधी मेला, संगतवाल्यानं कोपरा फाडून धाडलं. पंचांना ते पटलं. मलाही क्षणभर पटलं.

“मंग ती म्हने, कार्डात माघ लिवला हाय, माघापावतर थांबा. पंचायनं माघाची पुनव देली. दोन महिने झाले, तिच्या हातचं पानी कोनी पेत नाई.”

“पुनव कधी आहे?”

“आज,” दसरू म्हणाला. “दुपारी नेतीन तिले.”

छोटी गाडी मी लहानपणी पाहिली होती तशीच होती. तिला घाई ठाऊक नाही. हिरडामालीला ती पाणी प्यायली. पुढे रुळांवर म्हशी होत्या. ड्रायव्हरनं शिटी दिली, गुराख्यानं हात केला, आणि दोघांनी एकमेकांच्या घरची खुशाली विचारली. दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांधांतली शेतं, त्यात लाखोळीच्या डाळीची निळी फुलं. अकरा वर्षं मी या रंगासाठी झुरलो होतो. त्या दिवशी त्या फुलांकडे पाहून मला नुसता संताप आला, कारण ती फार हळू मागे जात होती.

समोरच्या बाकावर एक म्हातारा पेरू खात होता. मी चौथ्यांदा खिडकीतून डोकं काढल्यावर त्यानं विचारलं, “काऊन घाबरून राहिला गा?”

“आज माझ्या बायकोच्या बांगड्या फोडणार आहेत.”

“अरेरे. कोन मेलं?”

“मी.”

म्हाताऱ्यानं पेरूची बी थुंकली. थोडा विचार केला. “मंग तुले कायची घाई?”

मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, अर्धा पेरू मला दिला आणि म्हणाला, “उतरला का तोंड धू. कोळसा लागला हाय. असा गेला तं कोनी मानूस म्हनून धरनार नाई.”

सौंदडला तोंड धुतलं. पेटी स्टेशनमास्तरांकडे ठेवली, बांगड्यांचं पुडकं बंडीच्या खिशात घातलं आणि छत्री घेऊन निघालो. गाव तिथून दीड कोस. ऊन झालं होतं म्हणून छत्री उघडली, आणि मग पळू लागलो तेव्हा मिटायचं सुचलं नाही. गुलाबी कागदी छत्री धरून पळणारा माणूस त्या वाटेवर पूर्वी दिसला नसावा. आंबाडी सोलत बसलेल्या दोन बायका उठून उभ्या राहिल्या आणि मी दिसेनासा होईपर्यंत उभ्याच होत्या.

बोडीच्या पाळीवर गाव जमलं होतं. पुरुष चिंचेखाली पाठ करून बसलेले, बायका पाण्याशी. मधल्या दगडावर तुळसा. तिचा डावा हात माझ्या म्हाताऱ्या आत्यानं धरला होता, आणि दगडावर हिरव्या काचा पडल्या होत्या. दोन बांगड्या फुटल्या होत्या. कलकत्त्याचे चार दिवस, गोंदियाची जिलबी, सगळं त्या दगडावर पडलं होतं. मी एवढंच म्हणालो, “आलो.”

आत्यानं हात सोडला. पुरुषांनी वळून पाहिलं. दादा उठून जवळ आला. त्याचे डोळे भरले होते. त्यानं मला दोन्ही हातांनी चाचपलं, खांदे, पाठ, डोकं. मग त्याचा हात आपल्या ओठावर गेला. दोन महिन्यांची खुरटी मिशी होती.

“कोपरा काऊन फाटला होता?”

“शाई सांडली होती, दादा.”

“शाई!” दादा ओरडला. “अरे, वीस वर्साची मिशी होती माही!”

तुळसानं माझ्याकडे अजून पाहिलं नव्हतं. ती उठली, लुगडं झटकलं, बायकांना म्हणाली, “मी सांगून राहिली होती,” आणि घराकडे चालू लागली. तिच्यामागून मी निघालो. पंचांनी मला थांबवलं.

अडचण अशी होती, की माझं बारावं झालं होतं. ज्याचं बारावं झालं त्याला दारातून आत घेता येत नाही. चिंचेखाली बराच खल झाला. पुन्हा जन्माला घालायचं ठरलं. अंगणात सूप आणलं, त्यात तांदूळ पसरले, आणि लहान बाळाला ठेवतात तसं मला त्यात ठेवायचं होतं. मावलो नाही, म्हणून उजवा पाय ठेवला. नाव ठेवायला आत्याच लागते. आत्या माझ्या कानाशी आली आणि जुनंच नाव सांगितलं. मग आणखी हळू म्हणाली, “पहिले तिची माफी माग, मेल्या.”

संध्याकाळी गरम भात आणि लाखोळीचं वरण. तुळसानं वाढलं. सगळे जेवले, आत्यानं तर तिच्या हातचं पाणी दोनदा मागून घेतलं. मी इतकं जेवलो की वहिनीनं तोंडाला पदर लावला. नंतर अंगणात चांदणं पडल्यावर मी बांगड्यांचं पुडकं तुळसापुढे ठेवलं. तिनं एक बांगडी हातावर चढवून पाहिली. ती पंजावरच अडकली.

“ह्या कोनाच्या हाताच्या?”

“तुझ्याच.”

“अकरा वर्साआधीच्या,” ती म्हणाली आणि बांगडी पुडक्यात ठेवली.

मग तिनं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं. मळलं होतं, घडीवर विरलं होतं. “मास्तरनं सारं वाचून देलं. मले पाठ हाय. छप्पर, गोठा, माघ. पन ह्या कोपऱ्यात शाई नव्हती. शाई सांडते तं खाली वघळते. बाकीच्या कार्डावर एक डाग नाई.”

दसरूनं मानलं, दादानं मानलं, पंचांनी मानलं. हिनं मानलं नाही. मी म्हणालो, “तुझं नाव होतं.”

तिनं फाटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“‘तुळसाला विचारा, मी आलेलं तिला चालेल का.’ असं लिहिलं होतं. मग वाटलं, दादा ओसरीवर चार माणसांसमोर वाचून घेईल. लाज वाटली. म्हणून फाडलं.”

“लाज,” ती म्हणाली. तिनं कार्डाची घडी घातली. “अकरा वर्सं नाई आले तवा नाई वाटली. मह्या हाताले बाया धरून होत्या तवा मले कोनी इचारलं, लाज वाटते का म्हनून?”

मी मान खाली घातली. रडलो. ते लिहायला मला आता लाज वाटत नाही. तिला माझ्या प्रश्नाचं उत्तर विचारलं, तर म्हणाली, “इथं नाई सांगत. जिथं बांगड्या फोडल्या तिथं इचारा.”

सकाळी ती दोन गुंड (पाण्याच्या पितळी घागरी) घेऊन निघाली, एक डोक्यावर, एक कमरेवर. मी मागोमाग गेलो. बोडीवर कालच्याच बायका होत्या. दादा कडुनिंबाच्या काडीनं दात घासत होता, पंचांपैकी दोघं बैल धूत होते. मी रंगूनला इंग्रज मॅनेजरासमोर उभा राहिलो आहे, बोटीत वादळाच्या अफवा ऐकल्या आहेत. पण चार माणसांसमोर बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. मी मोठ्यानं विचारलं, “तुळसा, मी आलेलं तुला चालेल का?”

बैल धुणारे थांबले. दादाच्या तोंडातली काडी तोंडातच राहिली. त्या बोडीवर कोणी बायकोला असं विचारलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. आत्यानं मात्र लुगडं आपटणं चालूच ठेवलं.

तुळसानं सावकाश गुंड भरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. आमच्याकडे पुरुष डोक्यावर पाणी वाहत नाहीत.

“चालते,” ती म्हणाली. मग दुसरा भरला आणि तोही माझ्याच कमरेवर दिला.