बायकोच्या सहा चाली

बायकोचं माहेर पूर्णगडचं. तिचा भाऊ बोटीवर नोकरीला. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कधीतरी सुट्टीवर येताना त्याने बुद्धिबळ खेळणारं यंत्र आणलं. मी तेव्हा लोट्याला केमिकलच्या कारखान्यात पाळीवर होतो. शिक्षण चौथी, अक्कल त्याहून कमी, असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

यंत्र मला रोज हरवायचं. तिला नाही. ती बापाकडून गावठी खेळ शिकलेली. प्यादं एकेक घरच सरकवायचं आणि शह बसायच्या आत राजाने एकदा घोड्यासारखी उडी मारायची. ती उडी यंत्र घेईना, नुसतं कोकलायचं.

"मेल्याला राजाची उडी माहीत नाही," ती म्हणाली. "तुमच्याच शाळेतला दिसतो."

उडी सोडून दिली तरी जिंकायचीच. मेव्हण्याने कारण सांगितलं. यंत्राच्या पोटात सुरुवातीच्या चालींचं पुस्तक असतं. त्यातली चाल आली तर फटकन उत्तर, बाहेरची आली की बसतं डोकं खाजवत. हिची मुंगीची चाल कुठल्या साहेबाने पुस्तकात घातलेली नव्हती.

मला एकच इच्छा उरली, ही एकदा हरलेली बघायची. माझ्याने जमणार नव्हतं, म्हणून यंत्राला कामाला लावलं.

त्या पुस्तकात आपल्याही चाली भरता येतात, हे मेव्हण्याने दाखवून ठेवलं होतं. ती भाकऱ्या थापत असली की मी गोडीत विचारायचो, तू यंत्राच्या जागी असतीस तर काय केलं असतंस? ती खुशीत सांगायची. दुपारच्या पाळीला निघण्याआधी मी ते बटणं दाबून भरून टाकायचो. तिच्या आठ चाली, तिचीच आठ उत्तरं.

रविवारी जेवणं झाल्यावर ती खेळायला बसली. यंत्र फटाफट उत्तरं देऊ लागलं. पाचव्या चालीला तिने माझ्याकडे बघितलं. मी बाहेरचा फणस बघत राहिलो. हरली.

"हा माझ्याशी माझ्यासारखाच खेळतो. तुम्ही शिकवलंत ना?"

"तू शिकवलंस. मी नुसता हमाल."

तिने यंत्र पालथं घातलं, सेल काढले आणि रेडिओत घातले. सेल काढले की भरलेलं सगळं पुसतं, हे भावाने तिला सांगितलेलं, मला नाही. पुढच्या रविवारी तिने यंत्रात नवे सेल घातले आणि रेडिओ ऐकत त्याला धुतलं.

ती गेली त्याला दीड वर्ष झालं. लोक मला भजनाला नेऊन बसवतात, मला झोप येते. परवा कपाटातून यंत्र काढलं, नवे सेल घातले आणि तिच्या चाली परत भरायला घेतल्या. तिचा डाव घरात राहावा, एवढंच. सहा आठवल्या. सातवीला ती उंट काढायची की प्यादं, काही केल्या आठवेना.

मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "भावोजी, भरा अंदाजाने. यंत्राला काय कळतंय?"

यंत्राला नसेल कळत. तिने माझी सालटी काढली असती. सहावरच थांबलो. आता रोज तिच्या चालीने खेळायला बसतो. सहा चालींपर्यंत यंत्र फटाफट उत्तरं देतं. सातवी मी माझ्या मनाची खेळतो, मग ते जरा विचार करतं आणि मला हरवतं.