काकांचा काटा

मला एक सांगा, आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच पत्नीच्या संमतीने, आपला काटा काढण्याचा बेत चालला आहे असे आपल्या कानांनी ऐकले, तर आपण काय कराल? पोलिसांना बोलवाल? पळून जाल? मी केळी खाल्ली. का, ते सांगतो.

प्रथम हे स्पष्ट करतो की मी विनोदी मनुष्य नाही. मेलबर्नमध्ये क्लेटनला आमचे घर आहे. पाण्याच्या पाइपलाइनींचे नकाशे काढणे हा माझा व्यवसाय. रविवारी सकाळी आपल्या लोकांच्या मुलांना मी गीतेचा अध्याय शिकवतो. मुले मला घाबरतात. त्यांचे आईवडील अधिक घाबरतात. माझ्या हातून अशी फजिती होईल असे कोणी म्हटले असते, तर त्यालाही मी एक अध्याय पाठ करायला लावला असता.

त्या काळात क्लेटनला विद्यार्थ्यांचा पूर आला होता. लोकांनी गॅरेजमध्ये गालिचे अंथरून ती भाड्याने दिली होती. माझी पत्नी सुनंदा एके दिवशी म्हणाली, "अहो, दोन मुली आहेत आपल्याकडच्या. एका हॉलमध्ये पडदा लावून राहतायत बिचाऱ्या. मागची खोली देऊ या का?"

दिली. गार्गी सांगलीची, मृण्मयी नाशिकची. दोघी चटपटीत, दोघींना शिफ्टची घाई. मी नियम सांगितले. घरात सामिष शिजणार नाही. दिवेलागणीला मोठा आवाज होणार नाही. चपला दाराबाहेर.

"नो वरीज, काका," मृण्मयी म्हणाली.

"वरी मला नाहीच," मी म्हणालो. "तुम्हाला असावी."

पहिल्याच आठवड्यात चौथा नियम करावा लागला. गार्गी भाजी चिरताना फोनवर काही ऐकत होती. मला वाटले, अभ्यासाचे व्याख्यान असावे. जवळ गेलो, तर त्यातून एक बाई दबक्या आवाजात म्हणत होती, "वन्सं, दादांच्या खिरीत भावजयीनं काय घातलं, ते मी पाहिलंय!"

"हे काय आहे?"

"क्राइम स्टोरी आहे, काका. छोट्या छोट्या असतात, पंधरा-वीस मिनिटांच्या. मराठीत. एकदम घरगुती!"

"घरगुती खून?"

"म्हणजे सासू, जाऊ, नणंद, असं सगळं असतं. आणि तो इन्स्पेक्टर इतका गोड आहे! प्रेताचा पंचनामा चाललेला असतो आणि बायकोचा फोन येतो, येताना कोथिंबीर आणा म्हणून."

"बंद कर," मी म्हणालो. "जिथे अन्न शिजते तिथे खून शिजू नयेत."

"पण काका, शेवटी सत्याचाच विजय होतो."

"शेवट येईपर्यंत कानात किती विष जाते, त्याचा विचार कर."

तिने फोन बंद केला. सुनंदाने माझ्याकडे आदराने पाहिले. निदान मला तसे वाटले. विषय संपला.

संपला का? आता खरे सांगतो. त्या भावजयीने खिरीत घातले तरी काय होते?

हा प्रश्न माझा पिच्छा सोडीना. ऑफिसात नकाशावर व्हॉल्व्ह काढताना मला खिरीची वाटी दिसे. सकाळी फिरताना कानात इयरफोन घालून विष्णुसहस्रनाम ऐकण्याचा माझा नित्यनेम. एका सकाळी मी ठरवले की केवळ शंकानिरसनासाठी, मुलींना योग्य मार्गदर्शन करता यावे म्हणून, तेवढी एक कथा ऐकावी. ऐकली. मग तिच्यामागे आपोआप दुसरी सुरू झाली. ती थांबवण्याचे बटण कोठे असते ते मला माहीत नव्हते. पुढे माहीत झाले, पण तोवर तिसरी सुरू झाली होती.

माझे फिरणे लांबले. पूर्वी चौकातून परतणारा मी आता युनिव्हर्सिटीला वळसा घालून येऊ लागलो.

"हल्ली दोनदोनदा होतं वाटतं सहस्रनाम!" सुनंदा कौतुकाने म्हणे.

मी मान खाली घालीत असे. तिला तो विनय वाटे.

त्या कथांतली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. त्यातली माणसे 'खून' हा शब्द कधी उच्चारत नाहीत. सभ्य घरची असतात ती. चहा गाळता गाळता म्हणतात, "भाऊजींचा काटा काढायला हवा." एवढेच. पुढच्या प्रसंगात भाऊजींच्या फोटोला हार घातलेला असतो.

आता तो शनिवार ऐका. दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालीत होतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून गार्गीचा आवाज आला.

"काकू, काकांचा काटा काढायचा ना?"

माझ्या हातातून चिमटा पडला.

"काढायचा म्हणजे काय, काढायचाच!" ही माझी धर्मपत्नी. "इतकी वर्षं मी ऐकून घेतलं. उद्या मी त्यांचं काही चालू देणार नाही."

"पण ते तयार होतील?" मृण्मयीने विचारले.

"त्यांना आधी सांगायचंच नाही. जेवायला बसले की मग कळेल. पाहुण्यांसमोर ते आरडाओरडा करणार नाहीत. अब्रूला फार जपतात."

"आणि ग्रॅहॅम-शेरिलचं काय?" पुन्हा मृण्मयी.

"त्यांचा मघाशीच काढला मी," गार्गी म्हणाली. "काकांचाच राहिलाय."

ग्रॅहॅम आणि शेरिल हे आमचे शेजारी. वयस्कर, सज्जन जोडपे. रविवारी त्यांना आमच्याकडे जेवायला बोलावले होते. आणि त्यांचा मघाशीच काढला? मी कुंपणावरून डोकावलो. ग्रॅहॅमचे गवत कापण्याचे यंत्र हिरवळीच्या मधोमध उभे होते. अर्धे गवत कापलेले, अर्धे तसेच. गवत अर्धवट सोडून जाणारा मनुष्य ग्रॅहॅम नव्हे! मी त्यांच्या दाराशी जाऊन घंटा वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. आत मांजर ओरडले, बस्स.

परत खिडकीखाली आलो, तर सुनंदा म्हणत होती, "खीर मीच वाढेन हं. तुम्ही हात लावू नका."

खीर!

अशा प्रसंगी तपासाला हेतूपासून सुरुवात करावी, हे मी त्या कथांतून शिकलो होतो. माझ्या पत्नीचा हेतू काय असावा? मी आठवू लागलो. आमटीला नावे ठेवली होती. तिने पसंत केलेला सोफा दुकानात परत करायला लावला होता. तिच्या बहिणीला फोनवर उपदेश केला होता... मी आठवणे थांबवले. हेतू फारच निघू लागले.

पोलिसांना फोन करावा, तर इंग्रजीत सांगायचे काय? 'माझे शेजारी यांचा काटा काढून झाला असून उद्या माझा आहे.' ते मला काट्यावरचे मलम सुचवतील. बरे, काटा काढणे म्हणजे काय ते समजावून सांगावे, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता. आपल्याला हे कोठून कळले? मग सुनंदासमोर, मुलींसमोर, आणि पुढे गीतेच्या वर्गासमोर कबूल करावे लागणार की सहस्रनामाच्या वेळी काका काय ऐकत होते. एकीकडे प्राण, दुसरीकडे प्रतिष्ठा. आपण माझ्या जागी असता तर प्राण निवडले असते. मी विचाराला वेळ मागून घेतला.

"जेवायला चला," सुनंदाने हाक मारली.

"मला उपास आहे."

"आज कसला उपास?"

"शनिवार आहे."

"इतकी वर्षं शनिवार नव्हते वाटतं?"

"आता सुरू केले."

"साबुदाणा भिजवू?"

"नको!" मी इतक्या जोराने म्हणालो की मृण्मयी दचकली. "मी केळी खाईन. सोलून देऊ नका. मी स्वतः सोलीन."

न सोललेल्या केळ्यात विष घातल्याची कथा मी अद्याप ऐकली नव्हती. सुनंदा मुलींना हळूच म्हणाली, "बघा, वयाबरोबर वैराग्य कसं वाढतंय."

रविवारी वर्गात माझे लक्ष लागले नाही. आत्मा शस्त्रांनी छेदला जात नाही, हे मुलांना सांगताना माझा आवाज कापला. एका आईने डोळे पुसले. तिला ती भक्ती वाटली.

दुपारी घरी दाराची घंटा वाजली. दारात ग्रॅहॅम आणि शेरिल, हातात फुले! मी ग्रॅहॅमचे दोन्ही हात धरले.

"ग्रॅहॅम! यू आर अलाइव्ह!"

"जस्ट अबाउट, मेट," तो म्हणाला. "काल आफ्टरनूनला लॉनमोअर बंद पडला. त्याचा पार्ट आणायला शहरभर फिरलो."

कोणाही समंजस मनुष्याच्या शंका येथे फिटल्या असत्या. पण मी अनुभवी श्रोता होतो. हळूहळू भिनणारी विषे असतात. ग्रॅहॅमचा चेहरा मला फिकट दिसू लागला. (त्याचा चेहरा जन्मापासून फिकट आहे.)

सगळे टेबलाशी बसले. पुऱ्या आल्या, भाजी आली. मी पाण्याचा घोट घेतला नाही. मग सुनंदा खिरीच्या वाट्या घेऊन आली. एक ग्रॅहॅमपुढे ठेवली, एक शेरिलपुढे, एक माझ्यापुढे. आणि माझ्याकडे पाहून, अगदी गोड हसून, म्हणाली,

"आज तुमचा काटा काढलाय हं आम्ही."

पाहुण्यांदेखत! हसत हसत! ग्रॅहॅमने चमचा उचलला होता. मी उठलो.

"ग्रॅहॅम, डोन्ट ईट!"

आणि त्याची वाटी हिसकावली. माझा हेतू शुद्ध होता. वाटी मात्र सरळ शेरिलच्या मांडीवर गेली.

"अहो!" सुनंदा किंचाळली. "वेड लागलं का तुम्हाला?"

"मला सगळे ठाऊक आहे!" मी म्हणालो. "शेजाऱ्यांचा काटा काढलात, आता माझा! निरपराध माणसांच्या खिरीत कण्हेरीच्या बिया! तुला मी कमी काय केले, सुनंदा? सोफा परत आणतो!"

शेरिल मांडीवरचे बेदाणे वेचत होती. मग मृण्मयीने माझ्या ताटाशेजारून एक वस्तू उचलून माझ्यापुढे धरली. चकचकीत. स्टीलची. चार दातांची.

"हा बघा काका, तुमचा काटा. वरच्या कपाटातून काढला. काकूंना वाटत होतं, पाहुण्यांसमोर आज तरी तुम्ही काट्याचमच्यानं जेवावं."

"दर वेळी भाषण देता ना," सुनंदा म्हणाली, "हातानं जेवण्याच्या महत्त्वावर. म्हणून आधी सांगितलं नाही."

मी काट्याकडे पाहिले. काट्याने माझ्याकडे पाहिले. येथेही निभावले असते. मी उन्हाचे, उपासाचे निमित्त सांगितले असते. परंतु गार्गी टक लावून माझ्याकडे पाहत होती.

"काका," ती सावकाश म्हणाली, "कण्हेरीच्या बियांचं तुम्हाला कसं माहीत?"

"काय?"

"ते त्या खिरीच्या कथेत शेवटच्या मिनिटाला कळतं. सगळ्यांना वाटत असतं की झोपेच्या गोळ्या होत्या. तुम्ही तर मला सुरुवातीलाच बंद करायला लावलं होतं."

इन्स्पेक्टरलासुद्धा इतके नेमके विचारता आले नसते. मी उत्तर शोधू लागलो. पण कथांमध्ये याच जागी गुन्हेगार घाम पुसतो, आणि माझा हात आपण होऊन खिशातल्या रुमालाकडे गेला.

"अय्या!" मृण्मयी ओरडली. "काका ऐकतात!"

सुनंदाने हातातले भांडे खाली ठेवले. "म्हणजे सकाळचं सहस्रनाम?"

"तेही ऐकतो," मी म्हणालो. "सुरुवातीला."

"आणि मी भिशीत सगळ्यांना सांगत होते, आमच्याकडे दोनदोनदा होतं म्हणून!"

ग्रॅहॅमला काही कळेना. गार्गीने त्याला थोडक्यात सांगितले की, काकांना वाटले आम्ही फोर्कने त्यांचा मर्डर करणार आहोत. ग्रॅहॅमने गंभीरपणे मान हलवली आणि आपला फोर्क ताटापासून थोडा दूर सरकवला. "फेअर एनफ," तो म्हणाला. "इज देअर मोअर ऑफ दॅट पुडिंग?"

पाहुणे गेल्यावर सुनंदाने मला देवघरासमोर उभे केले. तिचा राग ओसरला होता. त्याची जागा एका विचाराने घेतली होती, आणि ते अधिक भयंकर होते.

"आवडतात ना गोष्टी? मग चोरून कशाला? सगळ्यांबरोबर ऐका. देवापुढे शपथ घ्या, यापुढे एकटे ऐकणार नाही."

मी शपथ घेतली. देवापुढे दिलेला शब्द मी मोडत नाही, हे तिला पक्के ठाऊक होते.

नवी कथा दर गुरुवारी संध्याकाळी येते. सुनंदा आणि दोघी मुली चहा घेऊन टेबलाशी बसतात. मी ओट्याशी पोळ्या लाटतो. मला बोलण्याची परवानगी नाही. कथा रंगते. संशय जावेवर जातो, मग मुनिमावर, मग पुन्हा जावेवर. इन्स्पेक्टर कोथिंबीर विसरतो. शेवटी तो सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावतो, घसा साफ करतो, म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे..."

आणि सुनंदा म्हणते, "अहो, कचऱ्याचे डबे राहिले. उद्या सकाळी गाडी येईल."

आमच्या भागात गुरुवारी डबे रस्त्याकडेला लावून ठेवावे लागतात. हे डबे मोठे असतात. एक कचऱ्याचा, एक पुनर्वापराचा. आमचा ड्राइव्हवे लांब आहे. मी धावत जातो, धावत येतो. तोवर फोन बंद झालेला असतो आणि तिघी चहा पीत असतात.

"कोण निघाला?" मी विचारतो.

"काका, कशाला उगाच कानात विष घालून घेता?" गार्गी म्हणते.

"मुनीम होता का?"

"पोळी करपतेय," सुनंदा म्हणते.

आजमितीस माझ्या पदरी खून पुष्कळ आहेत. खुनी एकही नाही.